‘चिक्की’ वाचताना मेंदूत काय घडतं?

लोणावळ्याच्या बाजारात ‘चिक्की’ या शब्दाइतका जागोजागी भेटणारा दुसरा शब्द नसेल. कुसगावहून आईबरोबर बाजाराला आलेलं चार वर्षांचं पोरही पाटीकडे बोट दाखवून ‘चिक्की’ म्हणतं. त्याला वाचता येतं का? अजून नाही. पाटीचा रंग, अक्षरांचं वळण, काचेमागचा माल यांवरून ते शब्द ओळखतं. त्याच रंगात, त्याच वळणात कुणी ‘चक्की’ लिहिलं, तरी ते ‘चिक्की’च म्हणेल. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८५ साली वाचन शिकण्याचे टप्पे मांडले. त्यातला हा पहिला, शब्द चित्रासारखा ओळखण्याचा.

दोन वर्षांनी तेच मूल पहिलीत जातं आणि त्याच पाटीसमोर अडखळतं. पहिली वेलांटी डोळ्यांना ‘च’च्या आधी दिसते, पण तिचा आवाज ‘च’च्या नंतर येतो. पुढे ‘क्क’ म्हणजे एकमेकांना बिलगलेले दोन ‘क’, आणि त्यांच्या मागे दुसरी वेलांटी. मूल ‘च... क...’ करत थांबतं. घरचे म्हणतात, ‘आधी तर धडाधड वाचायचा, आता काय झालं?’ झालं एवढंच, की ते आता खरोखर वाचू लागलं आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी वाचणारे सराईत वाचकसुद्धा अशा शब्दांवर क्षणभर रेंगाळतात, असं दिसलं. सहा वर्षांच्या मुलाने थोडं जास्त रेंगाळावं, यात नवल काय?

बोलणं मुलाला बसवून शिकवावं लागत नाही. भोवती माणसं बोलत असली की ते बोलू लागतं. वाचनाचं तसं नाही. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या काळात मेंदूत वाचनासाठी जन्मजात जागा तयार होणं शक्य नव्हतं. मग वाचन चालतं कुठे? ज्यूल देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ मध्ये एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला बोलता येत होतं, लिहिताही येत होतं, पण वाचता येत नव्हतं; स्वतः लिहिलेलंसुद्धा. इजा झाली होती ती मेंदूच्या डाव्या अर्धात, मागच्या बाजूला. शतकभरानंतर पॅरिसमधल्या स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅनच्या मदतीने त्याच परिसरात छापील शब्द दिसताच जागी होणारी एक छोटी जागा दाखवून दिली. पुढे २०१० मध्ये त्यांनी ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या साक्षर व निरक्षर प्रौढांची तुलना केली. ज्याचं वाचन जितकं सराईत, तितकी ही जागा शब्दांना जास्त प्रतिसाद देत होती. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारची ही जागा वाचनासाठी राखून ठेवलेली नव्हती. मेंदू ती शिकता शिकता नव्या कामाला लावतो.

जागा मिळाली म्हणून काम संपत नाही. दिसलेलं चिन्ह एका ठिकाणी, त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणी आणि अर्थ तिसरीकडेच. कुसगाव आणि खोपोली यांना बोगद्यांतून आणि पुलांवरून जोडणारा ‘मिसिंग लिंक’ हा रस्ता मावळात सगळ्यांना ठाऊक आहे. वाचायला शिकणारं मूल डोक्यात असाच रस्ता बांधत असतं. तो प्रत्येकाला बांधावाच लागतो. कुणाचा पटकन होतो, कुणाचं काम एकाच जागी अडतं, आणि अडण्याची जागा प्रत्येकाची वेगळी असू शकते. ती न शोधता मुलाला ‘ढ’ ठरवून मोकळं होणं हा त्याच्यावरचा अन्याय आहे.

देवनागरीचा रस्ता तर आणखी वेगळा. चौतीस व्यंजनं आणि बाराखडीची बारा रूपं एवढंच धरलं, तरी चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं निराळी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवलं, की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला कित्येक वर्षं लागतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरं शिकण्याशी त्याची तुलना होत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह आणि सहकाऱ्यांनी हिंदी वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा डाव्या अर्धाबरोबर उजवा अर्धही कामाला लागलेला दिसला. काना, मात्रा, वेलांटी, उकार चारी बाजूंना विखुरलेले असतात, नजरेला त्यांच्यामागे फिरावं लागतं. मराठीची लिपी तीच, म्हणून हे निष्कर्ष आपल्या फार जवळचे आहेत.

याहून विलक्षण प्रयोग लखनौजवळच्या गावांत झाला. कधीच शाळेत न गेलेल्या, तिशीच्या आसपासच्या प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मेंदूच्या वरच्या थरांतच नव्हे, तर थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभासारख्या खोलवरच्या, फार जुन्या भागांतही बदल आढळले. तिशीतला मेंदू सहा महिन्यांत इतका बदलत असेल, तर दुसरीतल्या मुलाबद्दल ‘आता याला काही येणार नाही’ असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

रस्त्याचं एक टोक कानात आहे आणि घरोघरी नेमकं तेच विसरलं जातं. शब्दाचे तुकडे करता येणं, ते जोडता येणं, शेवटचा आवाज पकडता येणं, ही जाण पक्की असली की अक्षर आवाजाला चिकटतं. गाण्याच्या भेंड्यांमध्ये मुलं हेच करतात. ‘च’च्या भाषेत ‘पाणी’चं ‘चणीपा’ करणारं पोर तर शब्द मोडून, फिरवून, पुन्हा जोडून दाखवतं. मोठ्यांना तो पोरखेळ वाटतो. मेंदूच्या दृष्टीने ती वाचनाची पूर्वतयारी आहे. सिल्व्हिया ब्रेम आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये अजून वाचायला न शिकलेल्या बालवाडीतल्या मुलांना संगणकावरचा अक्षर-आवाज जुळवण्याचा खेळ दिला. आठ आठवड्यांत सगळे मिळून चार तासांपेक्षाही कमी खेळ झाला होता. तेवढ्याने त्यांच्या मेंदूतली ती शब्दांची जागा छापील अक्षरांना प्रतिसाद देऊ लागली.

मग एका प्रकारची मुलं चौथ्या वर्षीच वाचतात, ती कशी? त्यांचा कान लवकर तयार झालेला असतो आणि बहुधा घरात कुणी तरी मांडीवर घेऊन गोष्टी वाचत असतं. त्यांना मागे ओढायचं कारण नाही, आणि त्यांच्या मापाने शेजारच्या मुलाला मोजायचंही नाही.

दुसऱ्या प्रकारचं मूल खडखडीत वाचतं, पण ‘काय वाचलंस?’ विचारलं की गप्प. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये साधं सूत्र मांडलं: वाचनाची समज म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य झाली तर उत्तर शून्यच. मावळातल्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांवरच्या मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकाहून वेगळी असते. परराज्यांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांतल्या मुलांची तर भाषाच वेगळी. अशा मुलाला पुन्हा पुन्हा बाराखडी गिरवायला लावून काय साधणार? त्याला हव्यात गप्पा, गोष्टी, चित्रं आणि त्याच्या बोलीतला शब्द फळ्यावर लिहिणारे गुरुजी किंवा बाई. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली काही वर्षं अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातला बराच वेळ मुळाक्षरं आणि फळ्यावरचं उतरवून काढण्यात जातो, अर्थाला आणि मुलाच्या स्वतःच्या लिहिण्याला फार थोडा वेळ मिळतो, असं त्यात दिसलं.

महाराष्ट्रात याला उत्तर शोधणारी माणसं आहेत. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाअभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी हा क्रम मोडला. मोजकी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला एखाद-दुसरं स्वरचिन्ह एकदम दिलं, की मूल पहिल्या काही दिवसांतच खरे शब्द वाचू लागतं. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणाऱ्या नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ संस्थेनेही अर्थपूर्ण वाचनाचा असाच आग्रह धरला. ‘छगन कमळ बघ’ यात काना-मात्रा नसल्याची सोय आहे, पण असं वाक्य घरात कुणी बोलत नाही. ‘आई आली’ हे मूल जगलेलं असतं.

तिसऱ्या प्रकारच्या मुलाचं दुःख सगळ्यांत कमी ओळखलं जातं. हे मूल हुशार असतं, तोंडी सगळं सांगतं, गोष्ट रंगवून ऐकवतं. कागद समोर आला की मात्र अक्षरं आवाजाशी जुळत नाहीत. हा डिस्लेक्सिया. २००७ मध्ये आलेल्या ‘तारे जमीन पर’मुळे हा शब्द घराघरांत पोचला, पण राज्यात काम त्याआधीच सुरू झालं होतं. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्य सरकारने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. जादा वेळ मिळाला, लेखनिक मिळाला. सवलतीने मुलाचं वर्ष वाचतं, पण रस्ता बांधायचा राहतोच.

आणि तो बांधता येतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टिमोथी केलर आणि मार्सेल जस्ट यांनी वाचनात मागे असलेल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांना शंभर तासांचं विशेष शिक्षण देऊन आधी आणि नंतर मेंदूचं स्कॅन केलं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंची प्रतच सुधारली होती. शंभर तास म्हणजे शाळेच्या दिवसांत रोज अर्धा तास धरला, तर साधारण एका शैक्षणिक वर्षाचं काम.

प्रश्न आहे तो मूल वेळेवर सापडण्याचा. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये २०.५ टक्के होती, २०२४ मध्ये २७.१ टक्के. उरलेली सगळी डिस्लेक्सियाची नव्हेत. त्यांत कान कच्चा राहिलेली आहेत, भाषा न कळणारी आहेत, पाठीवर हात ठेवून शिकवणारं कुणी न भेटलेलीही आहेत. हे वेगळं करायला मराठीतलं साधन हवं. इंग्रजी चाचणी देऊन मराठी मुलाची अडचण कळत नाही. मानेसरच्या केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ ही चाचणी आणली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी प्राथमिक तपासणी वर्गशिक्षकालाच करता येते, पक्कं निदान मानसतज्ज्ञ करतात. कुसगावच काय, मावळातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत ही तपासणी पहिलीच्याच वर्षी व्हायला हवी. तोवर मुलाला अपयशाची सवय लागलेली नसते आणि ‘मला जमत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी बसलेलं नसतं.