गेम अडकतो नेमका कुठे?

घरचा संगणक : लेखांक ९

मागच्या लेखांकात ग्राफिक्स कार्ड तापल्यामुळे चित्र अडखळतं ते पाहिलं. आजचं अडखळणं दिसायला तसंच, पण दुखणं वेगळं. कार्ड दमलं की फ्रेमचा आकडा कोसळतो. इथे फ्रेम ठणठणीत १४४ वर असतात, तरी समोरचा खेळाडू एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो आणि आपण भिंतीआड पोचल्यावरही मरतो. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या दोन्हींत फ्रेम, पिंग आणि पॅकेट लॉस हे आकडे स्क्रीनवर दाखवायची सोय सेटिंगमध्ये आहे. ती आधी चालू करा. आकड्यांशिवाय पुढचं सगळं अंधारात दगड मारणं.

लॅग आला की घरोघरी पहिली मागणी मोठ्या प्लॅनची होते. शंभरचा तीनशे करा, म्हणे. हे पैसे बहुतेकदा पाण्यात जातात. अशा गेमला एक-दोन एमबीपीएस पुरून उरतात; त्याला हवी असते वेळेवर पोच. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे साधारण दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. एखादं पॅकेट ऐंशी मिलिसेकंद उशिरा आलं, तर तेवढ्या वेळात खेळ दहा पावलं पुढे सरकलेला असतो. प्लॅन कितीचा आहे याने त्यात काही बदलत नाही.

तेव्हा आधी उशीर कुठे होतो ते शोधायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या. डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा दिसेल तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता दोन खिडक्या उघडा. एकीत या पत्त्याला पिंग करा, दुसरीत ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला, आणि दोन्ही आज्ञांच्या शेवटी ‘-टी’ जोडा म्हणजे मोजणी थांबणार नाही. मग खुशाल एक सामना खेळून या.

राउटरचा आकडा वायफायवर एक ते पाच मिलिसेकंदांत रेंगाळत असेल तर घरातली हवा स्वच्छ आहे. तिथेच ३, ४, १२०, ५, २१० अशा उड्या दिसल्या, तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत आहे आणि इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. राउटर शांत आणि ८.८.८.८ उड्या मारतंय, तर गडबड राउटरच्या पलीकडे. दोन्ही शांत असून गेममधला पिंग सतत मोठा असेल तर सर्व्हर कुठला निवडलाय ते पाहा. या दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. चुकून सिंगापूर निवडलं गेलं, तर सुमारे चार हजार किलोमीटरचं अंतर आलं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद तिथेच संपले. ते कुठलाही राउटर परत आणून देत नाही.

अनुभव असा, की दोष बहुतेकदा घरातच सापडतो. फायबरवाला राउटर मुख्य दाराशी लावून जातो, कारण वायर तिथून येते. संगणक आतल्या खोलीत, मध्ये आरसीसीचा खांब आणि स्टीलचं कपाट. त्यात संगणकाचा पत्र्याचा डबा टेबलाखाली, आणि वायफायचे अँटेना त्याच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून. कित्येकदा तर मदरबोर्डबरोबर आलेले अँटेना खोक्यातच राहिलेले असतात! वायफाय जोडलं जातं म्हणून कुणाला शंका येत नाही. ते मागे स्क्रूसारखे फिरवून बसवा, वायरवाले असतील तर टेबलावर आणून ठेवा. या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय हाच.

दुसरा प्रश्न बँडचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. मोठ्या सोसायटीत तिथे सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर दाटीने बसलेले असतात, शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलेच. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. गेमसाठी ५ गिगाहर्ट्झच वापरा. राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत असेल तर ती नावं वेगळी करा. यूएसबीचा वायफाय डोंगल असेल तर त्याला यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी लावू नका. त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, हे इंटेलनेच २०१२ मध्ये मांडलं होतं.

उड्या ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारख्या येत असतील तर संशय विंडोजवर घ्यावा. ते मधूनमधून आजूबाजूची नेटवर्क चाचपून पाहतं आणि तेवढ्या वेळात आपलं चॅनेल सोडतं. लोकेशन सेवा बंद करून पाहा, वायफाय कार्डाची वीजबचतही काढून टाका.

संध्याकाळी मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की पिंग तीनशेवर जातो, तो प्रकार निराळा. राउटर पॅकेटांची लांबलचक रांग साठवतो आणि गेमचं चिमुकलं पॅकेट खंबाटकी घाटात ट्रकांच्या मागे अडकलेल्या कारसारखं रखडतं. प्रोग्रॅमर जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. राउटरमध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारी एसक्यूएमची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री ठेवा.

आणि तरीही, माझं मत विचाराल तर केबल टाका. रिपीटर घेऊ नका, तो तेच पॅकेट हवेतून दोनदा पाठवतो. कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत चालते, आपल्या फ्लॅटला वीस पुरतात. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर दाराच्या चौकटीवरून पीव्हीसी पट्टीतून न्या. राउटरचा पिंग एक मिलिसेकंदाखाली येतो आणि तिथेच राहतो.

केबलवरही ८.८.८.८ उड्या मारत राहिलं, तर दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि मग तक्रार नोंदवा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राउटर बंद-चालू करायला सांगतात. राउटरपर्यंत १ आणि त्यापुढे ३०० हे आकडे हातात असले की लाइन तपासून द्या असं ठणकावून सांगता येतं.