स्मृतिभ्रंश ओळखताना

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हा एकच आजार नाही. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरण, भाषा, दिशांचे भान, निर्णयशक्ती आणि वागणूक इतकी ढासळते की माणसाला रोजचे व्यवहार एकट्याने निभावता येत नाहीत. या अवस्थेचे हे नाव. तिच्या मुळाशी सर्वाधिक वेळा, म्हणजे जवळपास ६० ते ७० टक्के रुग्णांत, अल्झायमरचा आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात असे सुमारे ५ कोटी ७० लाख रुग्ण होते. भारतात साठीपुढच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अल्झायमरची पहिली नोंद झालेली रुग्ण म्हातारी नव्हती. ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती, आणि घरच्यांच्या लक्षात आधी आला तो तिचा विसराळूपणा नव्हे, तर नवऱ्याविषयीचा निराधार संशय. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी मेंदूची तपासणी केली. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता त्यांना दिसला. हे थर बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुढे कळले. ही साठवण लक्षणे दिसण्याच्या १५-२० वर्षे आधीच सुरू होते.

विसरणे वयानुसार वाढतेच. नाव ओठावर येऊन अडते आणि तासाभराने आपोआप आठवते, त्यात काळजीचे कारण नसते. काळजी वाटावी ती सवयीचे काम मोडू लागले तर. चाळीस वर्षे पुरणपोळ्या करणारी बाई पुरण शिजवून झाल्यावर पुढे काय करायचे याच्याशी अडते. बँकेचे सगळे व्यवहार एकहाती सांभाळणारा माणूस हयातीच्या दाखल्याचा अर्ज समोर घेऊन बसून राहतो. नेहमीच्या रस्त्यावर वळण चुकते, पाच मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा त्याच स्वरात विचारला जातो, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. अशा वेळी तुलना शेजारच्या काकांशी करून उपयोग नाही. ती त्याच माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करावी लागते. ज्या घरात ज्येष्ठांना कौतुकाने सगळ्या कामांतून मोकळे केलेले असते, तिथे आजार हमखास उशिरा कळतो. मोडायला कामच उरलेले नसते.

जुन्या आठवणी शाबूत असल्या की कुटुंबाचा हमखास गैरसमज होतो. आजोबा पावकी-निमकी घडाघडा म्हणतात, मग स्मृती कशी गेली? अल्झायमरमध्ये सहसा आधी हिप्पोकॅम्पसला इजा पोचते, आणि नव्या आठवणी रुजवण्याचे काम त्याच भागाचे. म्हणून बालपण टिकते आणि सकाळी येऊन गेलेला पाहुणा पुसला जातो.

चोरीचा आळही याच वाटेने येतो. पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्याची आठवण मेंदूत उमटलेलीच नसते. त्यामुळे त्या कोणीतरी नेल्या, एवढाच अर्थ उरतो. आळ बहुधा सून किंवा कामवाली बाई यांच्यावर येतो, कारण सतत जवळ त्याच असतात. यावर वाद घालणे निष्फळ असते. वाट चुकण्याचेही तसेच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित एका हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. प्रत्यक्षात हत्तीचीही गरज नसते.

इतर प्रकारांची सुरुवात वेगळी. रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश अनेकदा पक्षाघातानंतर पायरीपायरीने उतरतो. ल्युई बॉडी प्रकारात नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसतात, हालचाली मंदावतात, भान दिवसागणिक कमीजास्त होते. भास थांबवण्यासाठी दिलेली काही औषधे अशा रुग्णांना फार घातक ठरतात. फ्रंटोटेम्पोरल प्रकार पन्नाशीच्या आसपासही गाठतो. तिथे स्मरण बरे असते पण माणूस उद्धट, बेफिकीर किंवा भावनाशून्य होतो, आणि घरचे ते स्वभावावर घालतात.

वयाचा दोष म्हणून सोडून देण्याआधी तपासणी हवी, याचे सर्वात व्यावहारिक कारण असे की काही वेळा हा बिघाड सुधारण्याजोगा असतो. बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव शाकाहारी घरांत आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये नेहमी आढळतो. थायरॉइडची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचलेले रक्त, यांनीही हुबेहूब असेच चित्र उभे राहते. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक उद्भवला तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. संसर्ग, क्षारांचे असंतुलन किंवा औषधाचा परिणाम असतो, आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. निदानासाठी न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ रक्तचाचण्या, मेंदूचे स्कॅन आणि प्रश्नावली वापरतात. १९७५ पासून प्रचलित असलेली ३० गुणांची चाचणी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी बेतलेली. कमी शिकलेल्यांवर तिच्यामुळे अन्याय होतो, म्हणून हरियाणातील बल्लभगढच्या पाहणीसाठी तिचे वेगळे हिंदी रूप तयार करावे लागले.

अल्झायमर बरा करणारे औषध नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन यांनी काही काळ लक्षणे सावरतात. अमायलॉइड हटवणारे लेकॅनेमॅब २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्णपणे मंजूर झाले. ते सुरुवातीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग थोडा कमी करते, थांबवत नाही. प्रतिबंधाला वाव अधिक आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने टाळता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. त्यांत कमी शिक्षण, बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, वायुप्रदूषण यांचा समावेश आहे, आणि या सर्वांचा बंदोबस्त झाला तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असे म्हटले. कमी ऐकू येत असूनही श्रवणयंत्र कपाटात ठेवणाऱ्यांनी या यादीतले बहिरेपणाचे स्थान लक्षात घ्यावे.

लवकर निदानाचा एक लाभ कायद्याचा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. मृत्युपत्र करताना मन शाबूत असावे लागते. कुलमुखत्यारपत्र आधी करून ठेवले तरी पुरत नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते देणाऱ्याची बुद्धी अस्थिर झाली की मुखत्यारकी संपते. म्हणून संयुक्त खाती, वारसनोंद, मृत्युपत्र आणि उपचारांविषयीची इच्छा हे सगळे रुग्ण स्वतः सांगू शकतो त्या काळातच लेखी व्हावे लागते. ती वेळ टळली की पालक नेमून घेण्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयात अर्ज करावा लागल्याची उदाहरणे आहेत.