जगप्रसिद्ध गोल्फ मैदान, पण मालकी गावाची : सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’वर खेळायला कसे मिळते?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या लहानशा नगरातील ‘ओल्ड कोर्स’ हे जगातील सर्वांत नावाजलेले गोल्फ मैदान मानले जाते. मात्र, ते कोणत्याही क्लबच्या मालकीचे नाही. पहिल्या होलच्या पाठीशी उभी असलेली ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची भारदस्त दगडी इमारत पाहून अनेकांचा तसा समज होतो. प्रत्यक्षात ही जमीन सार्वजनिक आहे. रविवारी येथे सहसा खेळ बंद असतो आणि त्या दिवशी नगरवासी मैदानावर फिरायला येतात, कुत्र्यांना मोकळे सोडतात, मुले हिरवळीवर धावतात. गोल्फ म्हणजे उंच कुंपण आणि सदस्यत्वाची लांबलचक प्रतीक्षायादी, अशी सवय झालेल्या भारतीय पाहुण्याला हे दृश्य बुचकळ्यात टाकते.

सुट्टी काढून, मोठा खर्च करून तेथे खेळायला जाऊ इच्छिणाऱ्यांनी ही बाब आधी समजून घेतलेली बरी. कारण मैदानात प्रवेश कोणाला, कधी आणि किती पैशांत, याचे सारे नियम जमिनीच्या या मालकीतूनच आले आहेत.

समुद्रकिनारा आणि शेतजमीन यांच्यामध्ये असलेल्या वाळूच्या, गवताळ पट्टीला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. नांगरटीला निरुपयोगी असलेली ही जमीन आपल्याकडच्या गायरानासारखी सर्वांच्या वापरात असे. तेथे मेंढ्या चरत, लोक कपडे वाळवत आणि चेंडू-काठीचा खेळही खेळत. खेळाचे वेड इतके वाढले, की तिरंदाजीच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सच्या काळात गोल्फवर बंदी घालण्यात आली. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एका सनदेद्वारे या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला. याच सनदेत लिंक्सवर ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपांनी स्वतःकडे घेतली होती.

ससे पुढे पुन्हा वादाचे कारण ठरले. कर्जबाजारी नगरपालिकेने १७९७ मध्ये लिंक्स विकली आणि काही वर्षांतच ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी मैदान पोखरून टाकले. गोल्फपटू व व्यापारी यांच्यातील तंटा सुमारे दोन दशके चालला आणि लंडनच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत पोहोचला. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने जमीन विकत घेऊन ती गोल्फसाठी राखली. १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती पुन्हा नगराच्या ताब्यात आली. १९७४ च्या दुसऱ्या कायद्यानुसार व्यवस्थापन ‘सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट’कडे सोपवण्यात आले. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झाला, १८४२ मध्ये मुंबईतही क्लब निघाला. पण भारतात हा खेळ छावण्यांच्या आणि क्लबांच्या आवारातच वाढला. सेंट अँड्र्यूजमध्ये मात्र स्थानिक करदात्यांना १९४६ पर्यंत खेळण्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नव्हता.

आज चित्र बदलले आहे. स्थानिक रहिवाशांना वार्षिक तिकिटावर अत्यंत माफक दरात खेळता येते. बाहेरच्या पाहुण्याला उन्हाळी हंगामात एका फेरीसाठी तीनशे पौंडांहून अधिक शुल्क भरावे लागते. या उत्पन्नातून ट्रस्ट आपल्या सातही मैदानांची देखभाल करतो. ही तफावत पाहुण्याला खटकू शकते. तथापि, गावाची जमीन गावाला परवडली पाहिजे, हा त्यामागचा विचार रास्तच म्हणावा लागेल.

पैसे असले म्हणजे वेळ मिळतेच, असेही नाही. काही वेळा आदल्या वर्षीच अर्ज करून किंवा अधिकृत सहल कंपन्यांमार्फत राखून ठेवता येतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच वेळांसाठी सोडत निघते. किमान दोन व कमाल चार खेळाडूंच्या गटाने खेळण्याच्या दोन दिवस आधी नाव नोंदवायचे आणि त्याच दिवशी निकाल पाहायचा. एकट्या खेळाडूंना पूर्वी मध्यरात्रीपासून थंडीत कार्यालयाबाहेर रांग लावावी लागे. २०२४ पासून त्याऐवजी एकट्यांची दररोज स्वतंत्र सोडत निघते. त्यासाठी आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करावी लागते. ज्या गटात जागा रिकामी असेल, तेथे भाग्यवंताला सामावून घेतले जाते. खेळाडूच्या कौशल्याची पातळी दाखवणाऱ्या अधिकृत ‘हँडिकॅप’चा पुरावा सोबत असणे आवश्यक आहे. मुक्काम एक-दोन दिवसांचाच ठेवून सोडतीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. किमान चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. रविवार त्यातून वजा करावा.

नाव निघालेच, तर पुढची परीक्षा मैदान घेते. पहिल्या टीवरून पाहिले तर समोर सपाट, उघडे माळरान दिसते आणि ‘यात अवघड ते काय’ असे वाटते. येथील ११२ बंकरपैकी कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून ते तयार झाले, असे परंपरेने सांगितले जाते. मैदान नगरापासून निघून खाडीच्या मुखापर्यंत जाते व तेथून वळून परत येते. त्यामुळे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर येतो आणि भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलली, तर दोन्ही वेळा तोंडावरच येतो.

मैदानाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे जोडग्रीन. पहिले, नववे, सतरावे व अठरावे होल वगळता उरलेली चौदा होल सात विस्तीर्ण ग्रीनवर जोडीने नांदतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज अठरा येते : दुसरे व सोळावे, तिसरे व पंधरावे, याप्रमाणे. गोल्फची फेरी अठरा होलची असण्याचे मूळही याच मैदानात आहे. १७६४ पर्यंत येथे बावीस होलची फेरी होती. काही होल एकत्र केल्यावर ती अठरावर आली आणि पुढे जगाने तोच आकडा स्वीकारला. सतरावे ‘रोड होल’ सर्वांत कुप्रसिद्ध. त्याच्या ग्रीनच्या एका बाजूस खोल बंकर आणि दुसऱ्या बाजूस चक्क रस्ता व दगडी भिंत आहे. १९७८ च्या ‘ओपन’ स्पर्धेत जपानचे त्सुनेयुकी ऊर्फ टॉमी नाकाजिमा यांचा चेंडू ग्रीनवरून घरंगळत या बंकरमध्ये गेला आणि चार फटक्यांच्या या होलवर त्यांना नऊ फटके मोजावे लागले. अशा ठिकाणी स्थानिक कॅडी सोबत असेल, तर त्याचे ऐकावे. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना येथे सर्वसाधारणपणे परवानगी नसते. संपूर्ण फेरी पायीच करावी लागते.

सोडतीत नाव न आल्यास निराश होण्याचे कारण नाही. शेजारचे ‘न्यू कोर्स’ नावापुरतेच नवे आहे. ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेले हे मैदान १८९५ पासून वापरात आहे. तेथे वेळ मिळणे तुलनेने सोपे, वारा मात्र तोच. मॉरिस यांची समाधी नगरातील भग्न कॅथेड्रलच्या आवारात आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी ल्यूकर्स स्थानकावर उतरून बस किंवा टॅक्सी घ्यावी. नगरातील स्थानक १९६९ मध्येच बंद झाले.

या साऱ्या परंपरेच्या उशाशी उत्तर समुद्र आहे. किनारपट्टीवर उत्तरेकडे असलेल्या माँट्रोझ या तितक्याच पुरातन मैदानाचा काही भाग समुद्राने गिळला असून तेथील काही होलची मांडणी बदलावी लागली. सेंट अँड्र्यूजमध्ये ‘वेस्ट सँड्स’ या विस्तीर्ण पुळणीमागील वाळूच्या टेकड्या लाटांना पहिला अडसर ठरतात. त्यांची झीज भरून काढण्यासाठी तेथे वाळू धरून ठेवणाऱ्या गवताची लागवड केली जाते. पुळणीवर जाणाऱ्या पाहुण्यांनी टेकड्या न तुडवता आखलेल्या वाटांवरूनच चालावे, अशी अपेक्षा असते.