टाकीतला गंज, चिंचेचा कोळ

दोन-तीन पावसाळे अंगणात उभी राहिलेली मोटरसायकल एक दिवस पुन्हा चालवायची ठरते. नवी बॅटरी येते, प्लग बदलतो, किक मारताच इंजिन बोलू लागतं. गाडी चौकापर्यंत जाते आणि आचके देत बंद पडते. मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो, तर जेटच्या बारीक भोकात लालसर गाळ. तो साफ केला तरी आठवड्याने पुन्हा तेच रडगाणं, कारण गाळ वरून टाकीतून उतरत असतो.

नुसत्या पेट्रोलमध्ये लोखंड गंजत नाही. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. झाकणाचं रबर चिरलेलं असेल, तर पावसाचं पाणी टाकीत सरळ शिरतं. रबर धड असलं तरी टाकी श्वास घेतच असते. दिवसा ती तापते आणि आतली हवा बाहेर पडते. रात्री गार होताना बाहेरची हवा बाष्पासकट आत येते. नाशिक-निफाड पट्ट्यात थंडीच्या दिवसांत दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारठा यांत मोठं अंतर असतं. टाकीत दहा लिटर पूर्ण दमट हवा असेल आणि ती २८ अंशांवरून १० अंशांवर आली, तर जेमतेम तीन-चार थेंब पाणी सुटेल. पण एक लिटर पाणी एक किलोचं आणि एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास. म्हणून थेंब पेट्रोलखाली बुडतो आणि तळाच्या शिवणीत जाऊन बसतो.

तिथे काय घडतं, ते ब्रिटिश शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून दाखवलं. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. मध्यभागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, कडेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि दोन्हींच्या मधोमध गंजाचं कडं उमटतं. थेंब म्हणजे एक चिमुकली बॅटरीच. गंज मूळ लोखंडाच्या सुमारे तिप्पट जागा व्यापतो आणि ठिसूळ असतो. त्याचे पोपडे सुटतात, खालचा कोरा पत्रा उघडा पडतो आणि तोही गंजू लागतो.

या गोष्टीत आता उसाचाही वाटा आहे. पेट्रोलमध्ये उसापासून बनलेलं इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये तीन ठिकाणी सुरू झाले, त्यांतलं एक आपल्या नाशिक जिल्ह्यातलं मनमाड. मिरज आणि उत्तर प्रदेशातलं बरेली ही दुसरी दोन. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. दहा टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेऊ शकतं. थोडा ओलावा असेल, तर तो असा विरघळून इंजिनात जातो, हा फायदाच. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत हा थर पत्र्याला चिकटून राहतो.

मग गंज काढायचा कसा? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा हंडा काळवंडला की त्याला चिंचेचा कोळ लावतात. चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूवरचा ऑक्साइड विरघळवतं. आपल्या द्राक्षांतलं मुख्य आम्लही हेच. लिंबातलं सायट्रिक आम्ल त्याच जातकुळीचं. ते ऑक्साइड सैल करतं आणि सुटलेल्या लोहकणाला खेकड्याने नांग्यांत धरावं तसं धरून ठेवतं. अशा पकडीला रसायनशास्त्रात ‘कीलेट’ म्हणतात आणि या शब्दाचं मूळ ग्रीक भाषेतल्या ‘नांगी’त आहे.

मात्र आधी सुरक्षितता. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास असली की एक ठिणगी पुरते. टाकी गाडीवरून उतरवून उघड्यावर न्यावी, कॉक, रबर आणि गेजचा फ्लोट काढून ठेवावा. साबणाच्या पाण्याने ती अनेकदा धुवावी, वास पूर्ण जाईपर्यंत. जवळपास काडी, विडी, वेल्डिंग काहीही नको. मग मूठभर नट-बोल्ट आणि पाणी घालून टाकी खळखळून हलवली की सुटे पोपडे निघतात. नट मोजून घालावेत आणि मोजून काढावेत.

आता दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, विरघळवून टाकी काठोकाठ भरायची, कारण गंज छतालाही असतो. रात्रभर ठेवून सकाळी पाहायचं. जास्त काळ ठेवलं, तर आम्ल चांगल्या पत्र्यालाही खाऊ लागतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने काम झटपट होतं, पण ते पत्र्यावर जोरात तुटून पडतं आणि मागे राहिलेलं क्लोराइड नव्या गंजाला आमंत्रण देतं. गंज गेल्यावर कधी तळाला बारीक छिद्रं दिसतात. ती आम्लाने पाडलेली असतीलच असं नाही; बऱ्याचदा ती आधीच पडलेली असतात, गंजाने बुजलेली.

शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि लगेच वाळवायचं. कोरं लोखंड ओलं राहिलं, तर बघता बघता तांबूस होतं. पेट्रोलचं धुवण गटारात ओतू नये. ते शेवटी नासर्डी आणि गोदावरी नद्यांतच जातं.

बाजारातली ‘रस्ट कन्व्हर्टर’ बहुधा फॉस्फोरिक आम्लाची असतात. ती गंजाचं रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करतात. दिल्लीतल्या मेहरौलीचा सुमारे सोळाशे वर्षांचा लोहस्तंभ टिकला, त्यामागेही फॉस्फरस आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावरच्या फॉस्फेटच्या संरक्षक थराचा अभ्यास केला होता.

आपल्या टाकीला ते भाग्य नाही, तिचा पत्रा साधा. गाडी रोज चालत असेल, तर टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच उरत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवावं. आणि पावसाळ्याआधी झाकणाचं रबर बदलावं. ते काही रुपयांचं रबर एवढा सगळा खटाटोप वाचवतं.