दारातली डिझेल गाडी : घरी काय पाहायचे आणि कुठे थांबायचे



आजचा संदेश पिकाचा नाही, दारातल्या गाडीचा आहे. बोलेरो असो, सुमो असो की स्कॉर्पिओ, घरची डिझेल गाडी आपल्याकडे एकाच कामाची नसते. सकाळी मागची सीट दुमडून टोमॅटोचे कॅरेट, दुपारी खत-औषधे, सुट्टीला सगळ्यांना घेऊन वणीचा गड, आणि रात्री वस्तीवरून कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर तीच गाडी. ऐन तोड्यात ती आठ दिवस गॅरेजला पडली, तर खर्च फक्त दुरुस्तीचा राहत नाही. भाड्याचा टेम्पो, चुकलेला लिलाव, खोळंबलेले मजूर हे सगळे त्यात आले.

डिझेल इंजिन दणकट असते, पण तीन गोष्टी त्याला सोसत नाहीत: डिझेलमध्ये पाणी, हवेत धूळ आणि कूलंट कमी. या तिन्हींवर लक्ष ठेवायला मेकॅनिक लागत नाही. आठवड्यातून दहा मिनिटे पुरतात.

*१) डिझेलमधले पाणी*

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा जोरात दाबली जाते, ती तापते, आणि त्यात डिझेलची बारीक फवार सोडली की ते आपोआप पेटते. ही फवार सोडणारे इंजेक्टर आणि पंप यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. पाणी गेले की वंगण तुटते, आतले भाग गंजतात आणि घासतात.

पाणी येते कुठून? पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला ओलावा जमतो. दुसरे कारण म्हणजे शेतावरचे बॅरल. बॅरलच्या तळाशी पाणी आणि गाळ असतोच. जुन्या पद्धतीच्या पंपाचा ट्रॅक्टर ते काही काळ सोसतो, कॉमन रेल गाडी सोसत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या बॅरलमधले डिझेल गाडीत ओतू नका, आणि पावसाळ्यात टाकी शक्यतो अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते फिल्टरच्या तळाशी बसते. बऱ्याच गाड्यांत तिथे ड्रेनचा बोल्ट असतो. इंजिन थंड असताना, चावी काढून, फिल्टरभोवतीची माती आधी पुसून घ्या. खाली पारदर्शक बाटली धरा, बोल्ट एक-दोन आटे सैल करा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. बाटलीत पाणी खाली, डिझेल वर असे वेगळे दिसते. बोल्ट घट्ट करा, हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, गाडी सुरू करून गळती नाही ना ते पाहा. जवळ विडी-काडी नको.

डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबाचा दिवा लागला तर “गावात जाऊन बघू” म्हणू नका. आधी पाणी काढा. काढूनही दिवा जात नसेल तर गाडी चालवू नका.

*२) टाकी कोरडी पडली तर*

डिझेल संपून गाडी बंद पडली की लाइनमध्ये हवा शिरते. मग डिझेल भरले तरी गाडी लगेच सुरू होत नाही. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका. बॅटरीही जाते आणि स्टार्टरही तापतो. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. जुन्या गाडीत फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारा, मग स्क्रू घट्ट करा. हातपंप नसलेल्या गाडीत बहुधा टाकीत विजेचा पंप असतो. तिथे चावी ऑन करून थोडे थांबा, बंद करा, असे चार-पाच वेळा करा. त्यानंतर स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विश्रांती द्या.

*३) एअर फिल्टर*

आपल्या शिवाररस्त्यांवर धूळ किती उडते ते सांगायला नको. फिल्टर चोंदला की इंजिनला हवा कमी पडते, डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर येतो आणि ॲव्हरेज घसरते. डबा उघडून कागदी फिल्टर काढा, हलकेच झटका. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर कमी दाबाने आणि आतून बाहेर मारा. ट्रॅक्टरच्या ऑइलबाथ फिल्टरची सवय असल्याने काही जण कागदी फिल्टरही डिझेलने किंवा पाण्याने धुतात. तसे करू नका. कागद फाटला किंवा तेलकट झाला असेल तर नवा टाका. फिल्टरविना गाडी एक किलोमीटरही चालवू नका. ती धूळ थेट टर्बो आणि सिलिंडरमध्ये जाते.

*४) कूलंट*

पातळी सकाळी, इंजिन थंड असताना पाहा. गरम इंजिनवर झाकण कधीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण फिरताच वाफेसह अंगावर येते आणि तोंड भाजते.

बोअरचे पाणी रेडिएटरला चालत नाही. त्यातले क्षार ठिबकच्या ड्रीपरमध्ये बसतात तसेच इंजिनच्या आतल्या वाटांमध्ये बसतात. तयार कूलंट, किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात वापरा. अडचणीत साधे पाणी घालावे लागले तर घाला, पण लवकरात लवकर ते बदलून घ्या. कूलंट वारंवार कमी होत असेल तर नुसते भरत राहू नका, गळती शोधा. घाटात काटा वर चढला तर गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा आणि थंड होऊ द्या. “एवढा चढ संपू दे” म्हणून ओढत नेलेल्या गाडीचे हेड गॅस्केट जाते.

*५) ऑइल आणि धूर*

गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पाहा. डिझेल गाडीचे ऑइल लवकर काळे पडते, ते नैसर्गिक आहे. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात कूलंट मिसळले आहे. गाडी सुरू करू नका. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरते आहे, मेकॅनिककडे जा.

धुराची खूण लक्षात ठेवा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

लांबचा प्रवास किंवा घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू ठेवा, टर्बो थंड होतो.

*६) बीएस-६ गाडी असेल तर*

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर तो साफ होत नाही. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर एका वेगात वीसेक मिनिटे गाडी चालवा. त्याचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितले आहे तसे करा.

काही गाड्यांना डीईएफ लागते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकून कोणी घरच्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकू नये. खताच्या युरियाला कडुनिंबाचे लेपन असते, शिवाय अशुद्धी असतात. त्याने ती यंत्रणा कायमची जाम होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीसाठी आहे.

*७) इथे हात लावू नका*

कॉमन रेल गाडीत पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या लोखंडी नळ्यांत दाब हजार बारच्या पुढे असतो. आपल्या फवारणीच्या एचटीपी पंपाचा दाब साधारण २० ते ४० बार असतो, यावरून अंदाज घ्या. चालू इंजिनवर त्या नळ्यांचे नट सैल करू नका आणि गळती बोटाने चाचपू नका. सुईएवढी धार कातडीत घुसते. जखम टोचल्यासारखी छोटी दिसते, पण आत डिझेल पसरलेले असते. तसे झाले तर दुखण्याची वाट न पाहता लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि “दाबाचे डिझेल आत गेले आहे” असे स्पष्ट सांगा.

ब्रेक, स्टेअरिंग आणि टायमिंग बेल्ट हेही मेकॅनिकचेच काम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि खाली भक्कम घोडी ठेवा. पेट्रोल चुकून भरले गेले तर चावीच फिरवू नका. टाकी रिकामी करून घ्या.

*या आठवड्यात एवढे करा:* कूलंट, ऑइल, एअर फिल्टर आणि स्टेपनीसह पाचही चाकांची हवा तपासा. डिझेल फिल्टरचे पाणी काढा. तारीख आणि किलोमीटर फवारणीच्या वहीतच एका पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मेकॅनिकला तेच पान दाखवा. अंदाजाने पार्ट बदलण्याची वेळ येणार नाही.

घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हा संदेश वाचून दाखवा. दिवा लागला की थांबायचे, हे मुलांना आणि ड्रायव्हरलाही माहीत हवे.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी