‘चागी’ म्हणजे लाथ, आणि ‘दोन हजार वर्षं’ म्हणजे?

‘चार्योत’ म्हटलं की ताठ उभं राहायचं. ‘क्यंगने’ म्हटलं की कमरेत वाकायचं. ‘शिजाक’ म्हटलं की तुटून पडायचं! शाळेत असताना तायक्वांदोचा क्लास लावला असेल तर हे शब्द तुमच्या अंगात भिनलेले असणार. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये हा खेळ असतोच. मग खेळाडू भोकरदनचा असो की परतूरची, मॅटवरचा पंच हुकूम सोडतो ते कोरियन भाषेत. निळा खेळाडू ‘चुंग’, लाल ‘हाँग’. थांबवायचं तर ‘काल्यो’, पुन्हा सुरू ‘केसोक’, संपलं की ‘कुमान’.

आपण हे सगळं मंत्रासारखं पाठ करतो. अर्थ विचारत नाही. विचारला तर मजा आहे.

‘चागी’चंच बघा. कोरियनमध्ये ‘चादा’ म्हणजे लाथ मारणे. शेवटचा ‘दा’ काढून ‘गी’ लावला की त्याचं नाम होतं. ‘मक्दा’ म्हणजे अडवणे, त्यावरून ‘मक्गी’, म्हणजे आपला ब्लॉक. ‘आप’ म्हणजे पुढे, ‘योप’ म्हणजे बाजूला, ‘द्वी’ म्हणजे मागे. झालं, आता कुठल्या लाथेला काय म्हणायचं ते घोकायची गरज नाही. सोलमधलं पोरगं बॉलला किक मारतं तेव्हाही क्रियापद हेच असतं.

आकड्यांची गंमत तर आणखी भारी. वॉर्मअपला आपण ‘हाना, दूल, सेत, नेत’ मोजतो. पण पूमसेचं नाव घेताना ‘तेगुक इल जांग, ई जांग, साम जांग’ म्हणतो. एक-दोन-तीनसाठी दोन वेगळे संच का? कारण ‘हाना, दूल’ अस्सल कोरियन आहेत आणि ‘इल, ई, साम’ चिनीतून आलेले. आपण नाही का, मोजताना ‘एक, दोन, तीन’ म्हणतो आणि सर्टिफिकेटवर ‘प्रथम, द्वितीय, तृतीय’ छापतो? मराठीत संस्कृतचं जे स्थान, साधारण तेच कोरियनमध्ये चिनीचं. ‘दोबोक’, ‘दोजांग’ हे शब्दही त्याच घरातले. खुद्द खेळाचं नावसुद्धा: ‘ते’ म्हणजे पायाने मारणं, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग. ज्युदोमधला ‘दो’ तो हाच.

आता खरा मुद्दा. बेल्टच्या परीक्षेत तोंडी प्रश्न येतो, तायक्वांदो किती जुना? उत्तर पाठ असतं: दोन हजार वर्षं. पुरावा म्हणून गोगुर्यो राज्यातल्या थडग्यांवरची चित्रं आणि सिल्ला राज्यातले ‘ह्वारांग’ तरुण सांगितले जातात. चित्रं खरी आहेत, ह्वारांगही खरे. पण तिथून आजच्या क्लासपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. ‘तायक्वांदो’ हे नाव ठरलं 1955 मध्ये. त्यात पुढाकार होता चोई होंग ही या कोरियन लष्करी अधिकाऱ्याचा, आणि हा माणूस जपानमध्ये कराटे शिकलेला.

कोरिया 1910 ते 1945 जपानच्या ताब्यात होता. सुटका झाली ती 15 ऑगस्टला (हो, आपलीच तारीख, फक्त दोन वर्षं आधी). त्या सुमारास सोलमध्ये ‘क्वान’ नावाच्या शाळा निघाल्या. त्या काढणाऱ्यांपैकी बरेच जण जपानी कराटे शिकून आलेले. शाळांमधल्या कलेची नावं होती ‘तांग सू दो’ आणि ‘कोंग सू दो’. हे काय आहे माहितीये? ‘कराटे’ हा शब्द ज्या चिनी अक्षरांत लिहायचे, त्यांचाच कोरियन उच्चार! आधी ‘चिनी हात’, नंतर ‘रिकामा हात’. इतिहासाच्या पुस्तकात जे झाकलं जातं, ते शब्दकोशात असं उघडं पडतं.

यात लाज वाटण्यासारखं काही आहे, असं मला तरी वाटत नाही. जपान्यांनी शाळांतून कोरियन भाषा हटवली होती, लोकांवर जपानी नावं लादली होती. अशा देशाला आपल्या खेळाचं नाव स्वतःचं हवं असणारच. आणि नुसतं नाव नाही बदललं, लाथांचा खेळ इतका पुढे नेला की कराटेवाल्यालाही तो वेगळाच वाटतो. 2000 मध्ये सिडनीत तो ऑलिंपिकचा अधिकृत पदकाचा खेळ झाला. कराटेला त्यासाठी टोकियोपर्यंत थांबावं लागलं.

भांडणंही झाली. चोई यांनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना काढली, सरकारशी बिनसल्यावर ते कॅनडाला गेले, आणि 1973 मध्ये सोलमध्ये दुसरी जागतिक संघटना उभी राहिली. ऑलिंपिक या दुसरीकडे आहे. म्हणूनच एका क्लासचे पूमसे दुसऱ्या क्लासपेक्षा वेगळे दिसतात. बेल्टची फी भरण्याआधी सर्टिफिकेट कुठल्या संघटनेचं मिळणार आणि तिला मान्यता आहे का, एवढं विचाराच. नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण डोक्यात असेल तर नक्कीच.

आणि आपलं काय? आपल्या आजोबांचा हुतूतू, तमिळनाडूत चडुगुडु, बंगालमध्ये हाडुडु. नियम एक झाले, नाव एक झालं, कबड्डी. तिलाही आपण अभिमन्यूच्या चक्रव्यूहापर्यंत नेतोच की! 2016 च्या वर्ल्ड कपमध्ये अहमदाबादला पहिल्याच मॅचमध्ये भारताला 34-32 असं हरवलं ते दक्षिण कोरियाने. ती कोरियन पोरं आपल्या हाफमध्ये शिरत होती ती ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणतच.