केळीच्या चिकातले औषध

केळीच्या झाडातील अँटिऑक्सिडंट द्रव्ये गरात त्या मानाने कमी असतात. साल, केळफूल, पान, गाभा आणि चीक यांत ती भरपूर असतात, आणि यांतले बहुतेक वाडीतच राहते. कोकणातल्या रेवदंड्याच्या कोटाच्या आतबाहेर नारळ-सुपारीच्या वाड्यांत केळ लावतात ती मुख्यतः आंतरपीक म्हणून, सुपारीच्या रोपांना सावली मिळावी म्हणून. केळ एकदाच विते. लोंगर उतरला की बुंधा आडवा होतो आणि शेजारचे पिल्लू वर येते. सालीची पावडर, केळफुलाचा चहा असल्या वस्तू सध्या ‘सुपरफूड’ म्हणून विकल्या जातात, त्यांचा कच्चा माल म्हणजे झाडाचे हेच भाग.

चिकाचा डाग कपड्यावर पडला की जात नाही, हे वाडीत काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी आणि मग काळा पडतो. त्यातल्या पॉलिफेनॉल द्रव्यांचे एका विकराच्या मदतीने ऑक्सिडीकरण होते आणि काळे रंगद्रव्य बनते. स्वतःचे चटकन ऑक्सिडीकरण होऊ देणे हाच या द्रव्यांचा अँटिऑक्सिडंट गुण. म्हणजे डाग आणि गुण यांचे मूळ एकच.

सालीवरचे काही महत्त्वाचे काम जपानमध्ये झाले. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅव्हेंडिश जातीच्या 100 ग्रॅम सालीत 80 ते 560 मिलिग्रॅम डोपामिन आढळले. गरात ते 2.5 ते 10 मिलिग्रॅम होते. 2002 च्या अभ्यासात गॅलोकॅटेचिन हे द्रव्य वाळवलेल्या सालीत 100 ग्रॅमला 158 मिलिग्रॅम, तर गरात 29.6 मिलिग्रॅम भरले. सालीतले डोपामिन आणि मेंदूतले डोपामिन एकच, पण खाल्लेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यामुळे साल खाऊन मन प्रसन्न होते हा प्रचार खोटा आहे.

केळफुलाच्या जांभळट-लाल पात्यांना रंग येतो तो अँथोसायनिनमुळे. या गटातली मुख्य सहाही मूळ रंगद्रव्ये केळीच्या निरनिराळ्या जातींच्या पात्यांत सापडली आहेत. भाजीला मात्र पात्या घेत नाहीत, आतली कोवळी फुले घेतात. हाताला तेल लावून एकेका फुलातली ताठ काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, फुले चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात टाकायची, सकाळी ते पाणी ओतून द्यायचे. ताकाच्या आंबटपणाने विकर मंदावतो आणि फुले काळी पडत नाहीत. पाण्याबरोबर तुरटपणा जातो. तुरट चव या पॉलिफेनॉलांचीच असल्याने त्यांचा काही भाग मोरीत जातो. तरी भाजी तशीच करावी. तुरट, घशाशी बसणारी भाजी कोणी दुसऱ्यांदा खात नाही, आणि तंतू व उरलेली द्रव्ये पोटात जायची तर भाजी आधी खाल्ली जायला हवी.

अँटिऑक्सिडंट शक्तीची प्रयोगशाळेतली मोजणी बहुधा जांभळ्या रंगाच्या द्रावणावर होते. अर्क टाकल्यावर रंग जितका फिका पडेल तितकी शक्ती जास्त. शरीरात मात्र यातली कित्येक द्रव्ये आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत, शोषलेली यकृतात बदलून जातात. अशा आकड्यांचा जाहिरातीत गैरवापर होतो म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीची आपली यादीच मागे घेतली. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक दिसला; तो निष्कर्ष 1994 चा. भाजी खाणे आणि अर्काची गोळी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाकिटावर हा फरक पुसला जातो.

सालीचा खरा उपयोग त्यामुळे स्वयंपाकघरात आणि तेल-तूप खवट होऊ न देण्याच्या कामात शोधावा. कच्च्या केळ्याच्या सालीची सुकी चटणी हा जुना, चांगला मार्ग आहे. साल मात्र फवारणी न केलेल्या वाडीतली हवी, कारण मोठ्या बागांत करप्यावर बुरशीनाशके मारतात. पावडर करायची तर साल काढल्याबरोबर वाफवून किंवा आंबट पाण्यातून काढून लगेच वाळवावी लागते. उशीर झाला की ती काळी पडते आणि गुण घटतो. बुंध्याचे गणित निराळे आहे. त्यात पालाश भरपूर असते, आणि बुंधा कुजल्यावर ते पिल्लाला आणि सुपारीला मिळते. बुंधे अर्कासाठी विकले, तर तेवढे पालाश वाडीला बाहेरून आणावे लागेल.